कवडूभाऊंची माहिती बाहेर गेली

चूक माझीच. कवडूभाऊंच्या कॉम्प्युटरवर आवाज कापायचं-जोडायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर आहे. त्याची नवी आवृत्ती मी चढवून देत होतो. मध्येच त्यानं विचारलं, ‘तुमच्या वापराची माहिती आम्हाला पाठवू का?’ मी ‘हो’ दाबलं. कुणी विचारलं की हो म्हणायचं, ही माझी जुनी सवय. लग्नही तसंच झालं.

कवडूभाऊंनी मागून ते वाचलं आणि बोर्डातला प्लगच उपटला.

कवडूभाऊ म्हणजे आमच्या एकोडीचे निवृत्त पोस्टमन. पोस्टकार्डावरचा पत्ता वाचताना हा माणूस मजकुरावर अंगठा ठेवायचा. ज्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र वाचून दाखवायचा आणि वर सांगायचा, ‘वाचलो मी, पर आयकलो नाही.’ आता पेन्शनीत नाद एकच. दंडारीतली, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यातली, गाणी रेकॉर्ड करायची आणि त्यातले लोकांचे खोकले, कुत्र्यांचं भुंकणं कापत बसायचं.

‘मास्तर, माहिती काहून मांगून राहिला तो?’

‘सुधारणा कराले, भाऊ. कुठं बंद पडते, कोणतं बटन चालते, एवढंच.’

‘मंग चिठ्ठी टाकून पुसावं ना. पाठीमागून कायले मोजाचं?’

मी सांगितलं, हे खुलं सॉफ्टवेअर आहे, आत काय लिहिलंय ते जगात कोणीही वाचू शकतो.

‘पोस्टकार्डही खुलंच रायते,’ ते म्हणाले.

मग त्यांनी तक्रार करायला सॉफ्टवेअरवाल्यांचा पत्ता मागितला. मी ईमेल लिहून दिला. तो उलटसुलट पाहून म्हणाले, ‘पिनकोड सांगा.’

शेवटी प्लग लावून मी त्यांच्यासमोर ‘नाही’ दाबलं. समजूत काढायला म्हणालो, ‘आवाज तं जातच नव्हता, भाऊ. वाजवाचं बटन किती वेळा दाबलं, तेवढा आकडाच जाते.’

कवडूभाऊ खुर्चीत बसले. ‘तोच तं जाऊ नाही पायजे.’

पडद्यावर एकच फाईल उघडी होती. सुखदेवनं दंडारीत गायलेली गौळण. सुखदेव त्यांचा धाकटा भाऊ, लागूनच राहतो. शेताच्या बांधावरून भांडण झालं, तेव्हापासून नऊ वर्षं दोघं बोलत नाहीत.

‘रोज चार वाजता आयकतो,’ ते पडद्याकडे पाहत म्हणाले. ‘त्याले मालूम झालं तं म्हणन, बुढा वाकला. मोठा मी आहो, मास्तर. पहिले त्यानं बोलावं.’

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

‘भिंत एकच आहे त्या दोघाइची,’ ती म्हणाली. ‘चार वाजले का सुखदेवभाऊ टीव्ही बंद करतेत अन् भिंतीपाशी पाट टाकून बसतेत. त्याइची बायको सांगत होती.’

‘मंग कवडूभाऊले सांगून टाकतो.’

‘सांगू नोका,’ ती म्हणाली. ‘मालूम झालं का आवाज कमी करतीन.’