फणसळकर आणि ऐंशी गोळ्या

आमच्या फणसळकरांनी जन्मात कधी बंदूक हातात धरलेली नाही. दिवाळीत फुलबाजीसुद्धा ते हात लांब करून, मान वळवून धरतात. तरीही जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आसपासचे झाडून सगळे नेमबाजीचे क्लब त्यांना नुसत्या आवाजावरून ओळखतात. कारण फोन लावला की पहिलं वाक्य ठरलेलं: "नमस्कार, मी फणसळकर. मी नेमबाज नाही. तुमच्याकडे पोलादी वेष्टणाच्या गोळ्या चालतात का?"

पलीकडचा माणूस आधी नंबर बरोबर लागलाय का ते विचारतो.

फणसळकर आमच्या ऑफिसात ब्रेकच्या विभागात आहेत. वय सत्तावन्न. बोलायला लागले की जर्मन लोकांसारखं "आल्झो", म्हणजे "तर", "मुद्द्यावर येऊ" म्हणतात आणि मग वीस मिनिटं मुद्दा सोडून बाकी सगळीकडे जातात. वहिनी गेल्या त्याला पाच वर्षं झाली. मुलगी म्युनिकला असते.

गोळ्या त्यांच्या नव्हेत. त्या त्यांच्या घराखालच्या मजल्यावरच्या अलोईसच्या. हा अलोईस ऐंशीच्या घरातला. फणसळकर त्याला तोंडावर अलोईसराव म्हणतात आणि त्याला ते आपलं आडनाव चुकवतात असं वाटतं. त्याच्याकडे रीतसर परवान्याची जुनी रायफल आणि कधीकाळी स्वस्तात घेतलेल्या ऐंशी गोळ्या. त्याच्या क्लबने गोळ्या अडवायची मागची भिंत नवी केली आणि नियम लावला, की पोलादी वेष्टण बंद. पोलाद भिंत फोडतं, कधी उलटून परत येतं. गोळी वरून तांब्याची दिसते, म्हणून दारातच लोहचुंबक लावून बघतात. अलोईसच्या गोळ्या टपकन चिकटल्या.

"टाकून द्या," क्लबवाले म्हणाले.

चांगली वस्तू टाकायची, हे अलोईसला पटेना. तो जिन्यात फणसळकरांपाशी कुरकुरला आणि फणसळकरांनी ते अंगावर घेतलं. त्या दिवसापासून दर शनिवारी सकाळी दोघं एखादा नवा क्लब गाठायचे. फोनवर नाही म्हणाले तरी जायचे. "समोरासमोर माणूस बदलतो," फणसळकर म्हणत.

एका शनिवारी मीही गेलो. हायवेवर फणसळकर ऐंशीच्या वेगाने चालले होते. ट्रकसुद्धा आम्हाला ओलांडत होते. गाडीत बसल्यापासून त्यांनी कानांवर आवाज रोखणारे हेडफोन चढवले होते.

"अहो, बंदूक डिकीत आहे. कुलूपबंद पेटीत. रिकामी," मी ओरडून सांगितलं.

"सवय असावी," ते म्हणाले.

क्लबच्या दारात एका धिप्पाड बाईंनी गोळीला चुंबक लावलं, आम्हाला दाखवलं आणि मान हलवली. फणसळकरांनी वाद घातला नाही. उलट आभार मानून जवळ केक कुठे चांगला मिळतो ते विचारलं. मग तिघांनी आलुबुखारचा केक खाल्ला. अलोईस त्याच्या बायकोच्या हातच्या केकबद्दल बोलला, फणसळकर वहिनींच्या नारळीभाताबद्दल. दोघांनाही एकमेकांचा पदार्थ माहीत नव्हता. दोघंही माना डोलावत होते.

हे मार्चपासून सप्टेंबरपर्यंत चाललं. मग एके दिवशी फणसळकर माझ्या टेबलापाशी आले आणि चक्क मुद्द्याचं बोलले. "अलोईसरावांचे डोळे चाललेत. डॉक्टर म्हणतात, थोडेच महिने दिसेल. सोमवारी ते रायफल परवान्याच्या कचेरीत जमा करणार. शनिवारी गाडी तू चालव."

"पण क्लब कुठे मिळालाय?"

"मिळालाय," ते म्हणाले.

क्लब घरापासून वीस मिनिटांवर होता. जुना, उघड्यावरचा, मागे मातीचा उंच बांध. तिथला म्हातारा व्यवस्थापक नाव ऐकून हसला. "मिस्टर फणसळकर! तुम्हाला मी मार्चमध्येच हो म्हटलं होतं. आलाच नाहीत!"

अलोईस पलीकडे पेटी उघडत होता. मी फणसळकरांकडे बघितलं. त्यांनी हेडफोन काढून हातात घेतले.

"मुलगी फोनवर जर्मनमध्ये बोलते," ते मराठीत म्हणाले. "तीन मिनिटांत संपतं. शनिवार फार मोठा असतो रे. ऐंशी गोळ्या काय, एका सकाळी संपल्या असत्या."

त्या एका सकाळीच संपल्या. पहिले काही नेम बरे लागले, नंतर अलोईसला निशाणच सापडेना. तरी तो शेवटपर्यंत उडवत राहिला. फणसळकर प्रत्येक आवाजाला दचकत होते, पण त्याच्या मागून हलले नाहीत.

परतताना त्यांनी अलोईसला सगळं सांगून टाकलं. जर्मनमध्ये, आडवळण न घेता. मार्च, फोन, हो. "माफ करा. तेव्हा तुम्हाला निशाण नीट दिसत होतं," ते म्हणाले.

दोन गावं मागे पडली. मी रेडिओ लावायला हात पुढे केला आणि परत घेतला.

"पुढच्या शनिवारी खाली गाडीपाशी थांबू नकोस," अलोईस शेवटी म्हणाला. "मला त्या पायऱ्या आता दिसत नाहीत. दारापर्यंत ये."

फणसळकर म्हणाले, "किती वाजता?"