न्यूनतम दराची सॅडल

कोविडच्या पहिल्या वर्षी मेलबर्नच्या तमाम नागरिकांना घरात बसण्याचा आदेश असताना ट्रुगानिना या उपनगरातल्या हृषिकेश दामलेला झाडावर बसण्याची तयारी करावी लागली. कारण नोकरीचं होतं, आणि कारण नोकरीचं असलं की आपल्याकडे कुठलाही वेडेपणा शहाणपणात मोजला जातो.

हृषिकेशचं कंत्राट डिसेंबरात संपत होतं. कंत्राटाला व्हिसा बांधलेला होता आणि व्हिसाला दामले कुटुंब. कंत्राट वाढवणं मॅनेजर ग्लेनच्या हातात होतं. एका व्हिडिओ मीटिंगमध्ये ग्लेनने जाहीर केलं की निर्बंध उठले की टीमला हरणाच्या शिकारीला न्यायचं आहे. मग त्याने विचारलं, "यू हंट, मेट?"

हृषिकेशने आजवर डासांपलीकडे काही मारलेलं नव्हतं, आणि तेही बायकोने दोनदा सांगितल्यावर. "लव्ह इट," तो म्हणाला.

परवाना नसेल तर नुसतं बघायला ये, असं ग्लेनने मोठ्या मनाने सांगितलं. झाडाची सॅडल मात्र ज्याने त्याने आपली आणायची, कारण कोविडमुळे शेअरिंग बंद होतं. ही सॅडल म्हणजे घोड्याचं खोगीर नव्हे. ती पट्ट्यांची झोळी असते. ती कमरेखाली घालायची, दोराने खोडाला बांधायची आणि हरणाची वाट बघत लोंबकळत राहायचं.

"अरे, तू अंडंसुद्धा खात नाहीस," त्याची बायको चारुता म्हणाली.

"खायचंय कुठे? नुसतं मारायचंय."

चारुताने यावर पोळी लाटणं पसंत केलं.

हृषिकेशने त्याच दिवशी एखादी बरी सॅडल मागवून टाकली असती तर प्रश्न मिटला असता. पण त्याचे वडील मुरलीधर दामले फेब्रुवारीत नातवंडाच्या अपेक्षेने आले होते आणि विमानं बंद झाल्याने अडकून पडले होते. मुरलीधरराव सरकारी खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झालेले. सहा महिन्यांत त्यांच्या हाताला काम असं लागलंच नव्हतं. खरेदीचा विषय निघताच त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"परस्पर खरेदी करायची नाही," ते म्हणाले. "तीन दरपत्रकं मागवायची. उद्या कोणी विचारलं तर?"

"कोण विचारणार आहे, बाबा?"

"तेच तर. कोणी तरी विचारतंच."

निविदा मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रसिद्ध झाली. मंडळाचे सेक्रेटरी पद्माकर यांनी लगेच सल्ला दिला, "इथे लुटतात. कोणी इंडियातून येत असेल तर तिकडून मागव." त्या दिवशी जगातलं कोणीच कुठून कुठे येत नव्हतं, पण या मजकुराला अठरा अंगठे पडले.

शेवटी तीन दर हाती आले. अमेरिकेतली सॅडल उत्तम होती, पण ती पोचेपर्यंत हरणं म्हातारी झाली असती. इथल्या दुकानातली मजबूत होती, पण महाग. तिसरा दर मंडळातल्याच सुनेत्राताईंचा होता. लॉकडाउनमध्ये त्या जुन्या साड्यांचे मास्क शिवून विकत. भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट त्यांच्याकडे पडून होते. त्यांनी कळवलं, "झोळी शिवून देईन, काका. नऊवारीचं अस्तर लावून देते, टोचणार नाही."

"न्यूनतम दर," मुरलीधरराव म्हणाले आणि चष्मा काढून ठेवला, म्हणजे विषय संपला.

"बाबा, सगळ्यात स्वस्त वस्तूला तुम्ही तुमचा मुलगा टांगणार?" चारुताने विचारलं.

"सूनबाई, मी बांधलेले सगळे पूल न्यूनतम दराचेच आहेत. लोक अजून त्यावरून जातात."

"तुम्हीच सांगितलेला तो वळणावरचा?"

"त्यावरून जात नाहीत. पण तो उभा आहे."

सॅडल आली. बिल मंजूर करण्याआधी भारचाचणी आवश्यक होती, आणि इथे पहिली अडचण उभी राहिली. ट्रुगानिनात घरं भरपूर होती, झाडं मात्र अजून काठीला बांधलेली होती. अंग टेकता येईल असं एकच झाड होतं, ओढ्याकाठची जुनी निलगिरी. तिथवर जायला व्यायामाची एक तासाची सवलत होती, पण माणसं दोनच चालत. म्हणून कंत्राटदार सुनेत्राताई फोनच्या पडद्यावरून हजर राहिल्या.

हृषिकेश मास्क लावून जमिनीपासून हातभर वर लोंबकळत असताना पोलिसांची गाडी थांबली. घराबाहेर पडण्याचं कारण काय, असं अधिकाऱ्याने विचारलं.

"इन्स्पेक्शन," मुरलीधरराव म्हणाले.

"एक्सरसाइज," हृषिकेश घाईने म्हणाला.

अधिकारी तरुण आणि सज्जन होता. बाकावर बसायला मनाई आहे, मग झाडावर बसायला परवानगी कशी देणार, अशी त्याची अडचण होती. मुरलीधररावांनी निदर्शनास आणलं की इसम बसलेला नसून लटकलेला आहे. अधिकाऱ्याने वर फोन लावला. वरच्यांनी त्यांच्या वरच्यांना विचारलं. बऱ्याच वेळाने निर्णय आला: नियमात लटकण्याचा उल्लेख नाही, मात्र शरीर सतत हलत असल्यास तो व्यायाम समजण्यात यावा.

"सो कीप मूव्हिंग, मेट. नो वरीज."

हृषिकेश उरलेला सगळा वेळ झोके घेत राहिला. मुरलीधररावांनी घरी आल्यावर शेरा मारला, "स्थिर भाराची चाचणी मागितली होती, चल भाराचीही झाली. समाधानकारक."

नोव्हेंबरात निर्बंध उठले आणि टीम मॅन्सफिल्डकडच्या जंगलात दाखल झाली. शेजारशेजारच्या तीन झाडांवर कंपनीच्या डायरेक्टरबाई, ग्लेन आणि हृषिकेश अशी पदानुसार उंची ठेवून मंडळी लटकली. बोलायला बंदी होती. थोड्या वेळाने हृषिकेशला डाव्या मांडीखाली टरटर असा आवाज ऐकू आला. झोक्यांनी सैल झालेली शिवण सुटत होती. ओरडावं तर शिकार पळणार आणि तिच्यामागे व्हिसाही. त्याने गुपचूप खोडाला दोन्ही हातांनी मिठी मारली. खाली बघितलं आणि त्याला आईची फार आठवण आली.

तेवढ्यात खरोखरच हरीण आलं. ते ऐन झाडाखाली उभं राहून गवत खाऊ लागलं. डायरेक्टरबाईंनी हातातलं धनुष्य सावरत ग्लेनला मानेने खूण केली, आधी तू. ग्लेनने अदबीने खूण परत केली, छे, आधी तुम्ही. असं बराच वेळ चाललं. हरणाचं पोट भरलं आणि ते निघून गेलं.

"खरं सांगू का," खाली उतरल्यावर डायरेक्टरबाई म्हणाल्या, "मी मांस सोडून खूप वर्षं झाली. ग्लेन, तुला शिकार आवडते म्हणून मी आले."

"मला?" ग्लेन म्हणाला. "मीटिंगमध्ये तुमच्या मागच्या भिंतीवर शिंगांचं डोकं असतं. मला वाटलं, तुम्हाला."

"ते बॅकग्राउंड आहे. त्याच्यामागे माझे वाळत घातलेले कपडे असतात."

यानंतर शिकार बंद व्हायला हवी होती. पण तंबू, धनुष्यं आणि गाड्यांवर खर्च झालेला होता, आणि खर्च झालेली गोष्ट चुकीची असू शकत नाही. त्यामुळे सहल अत्यंत यशस्वी ठरली आणि दरवर्षी सक्तीची झाली. झाड अखेरपर्यंत न सोडल्याबद्दल हृषिकेशच्या निष्ठेची खास नोंद होऊन त्याचं कंत्राट एका वर्षाने वाढलं. उजव्या हाताला बँडेज असल्याने त्याने सही डाव्या हाताने केली. मुरलीधररावांच्या मते हा न्यूनतम दराचा विजय होता.

हृषिकेशने ही सगळी हकीकत मंडळाच्या ग्रुपवर लिहिली. मरता मरता वाचलो, तासभर झाड कवटाळून होतो, सालीने हात सोलवटले, पुढच्या वर्षी पुन्हा लटकायचं आहे, सगळं. मग पद्माकररावांनी विचारलं, "ते राहू दे. सॅडल केवढ्याला पडली?"

त्यांना हसू नका. हरणाचं काय झालं, ते तुम्ही वाचलंत. हाताचं काय झालं, तेही वाचलंत. तरी मघापासून तुम्हीही त्याच आकड्याची वाट बघताय.