‘मी’ न म्हणणारा सुगत

आमच्या दाराची बेल वाजली, आतून "कोण?" असं विचारलं आणि बाहेर नुसतीच शांतता पसरली, की समजायचं सुगत कांबळे आलाय. सगळी दुनिया अशा वेळी "मी" म्हणते. इस्त्रीवाला म्हणतो, कुरिअरवाला म्हणतो, वर्गणी मागणारे तर "आम्ही" म्हणतात. सुगत म्हणत नाही. ‘मी’ असं काही असतं हे त्याला अजून पटलेलं नाही, आणि न पटलेली गोष्ट तो तोंडातून काढत नाही.

"अरे, निदान नाव तरी सांग," मी एकदा वैतागून म्हटलं.

"नाव सांगता येईल, दादा. पण नाव म्हणजे माणूस नव्हे ना! तू दार उघडणार नावाला, आणि आत येणार भलताच कोणीतरी."

माझी आई मालवणची. तिला असल्या गोष्टींसाठी वेळ नसतो. ती आतूनच ओरडली, "मेल्या, कोण तां मागसून ठरय, आदी भितर ये!"

सुगत घाटकोपरला आमच्या समोरच्याच घरात राहतो, तो आणि त्याचे वडील. कांबळेकाका एका कारखान्यात फिटर होते, आता रिटायर झालेत. मुलाला त्यांनी इंजिनियर केला. पवईला बरी नोकरीही लागली. आणि एक दिवस हा पठ्ठ्या नोकरी सोडून तत्त्वज्ञानात एम.ए. करायला निघाला. त्या दिवशी काका आमच्याकडे येऊन बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग मला म्हणाले, "सावंत, मी जन्मभर मशीनवर उभा राहून याला शिकवला. आणि हा म्हणतो, मशीन खरंच आहे का ते आधी बघू."

त्याच्या आईला जाऊन तेव्हा थोडेच महिने झाले होते. दोन्ही गोष्टींचा काही संबंध असेल असं आमच्यापैकी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. आम्हाला वाटलं, पोरगं भरकटलं.

एम.ए. सुरू झाल्यावर तर त्याच्याशी साधं बोलणंही अवघड झालं. "काय कंटाळा आलाय यार!" म्हणायची सोय राहिली नाही. तो लगेच बोट वर करायचा. "एक मिनिट. हे नक्की कोणाला होतंय?" पावभाजीच्या गाडीवर मी म्हणालो, जाम भूक लागलीय, तर हा म्हणतो, "एक मिनिट. कोणाला?" गाडीवाल्याने तवा सोडून आमच्याकडे पाहिलं. "भाऊ, ऑर्डर कोणाची आहे तेवढं सांगा," तो म्हणाला. यावर सुगत इतका विचारात पडला की मागची माणसं खाऊन गेली.

वाईट म्हणजे याची लागण व्हायची. ऑफिसात साहेब माझ्यावर डाफरले, तेव्हा मनात आलं, हा अपमान नक्की कोणाचा होतोय? मी शोधायला लागलो. साहेबांना वाटलं मी हसतोय. ते प्रकरण निस्तरायला बरेच दिवस गेले.

असं सगळं चाललं असताना त्याला अंधेरीचं आमंत्रण आलं. वर्गातल्या एका मुलीच्या सोसायटीत, क्लबहाऊसमध्ये, ‘शांत कसं जगावं’ यावर बोलायचं. काकांना तेवढंच बरं वाटलं. त्यांनी स्वतः शर्टाला इस्त्री केली. सुगत गेला आणि संध्याकाळी परत आला तो सरळ आमच्या स्वयंपाकघरात येऊन खाली बसला.

"काय रे, झकास झालं ना?" मी विचारलं.

"झालं. टाळ्या पडल्या."

"मग तोंड असं का?"

तो भिंतीला टेकला. मग सांगायला लागला. भाषणाआधी तिथल्या बाईंनी त्याची फार प्रेमाने चौकशी केली होती. तुम्ही बुद्धिस्ट? किती छान! कधी झालात? हा म्हणाला, जन्मल्यापासून. मग लडाखचे का? नाही, घाटकोपरचा. बाई हसल्या, म्हणाल्या, तसं नाही हो, आडनाव काय? याने सांगितलं.

"मग?"

"मग त्या म्हणाल्या, ओह. म्हणजे ते वाले." सुगत फरशीवरून बोट फिरवत राहिला. "तिथे बुद्धाची एवढी मोठी मूर्ती होती, दादा. खालून निळा लाइट. तिला कोणी आडनाव विचारलं नव्हतं."

आईने हातातली वाटी खाली ठेवली.

"आणि तू पुढे भाषण केलंस?" मी विचारलं.

"केलं ना. शांत कसं राहावं." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "राग आलाय, दादा. येताना सबंध रस्ता बघतोय, राग आहे. चांगला गरम आहे. पण कोणाला आलाय ते सापडत नाहीये."

"तुका इलो हा, मेल्या!" आई म्हणाली. "दुसऱ्या कोणाक येतलो? आणि येवकच व्हयो!"

त्याने आईकडे असं पाहिलं की जणू कॉलेजच्या एवढ्या सगळ्या तासांना बसून जे मिळालं नाही ते कोणीतरी हातावर ठेवलंय, पण धरायचं कुठून तेच कळत नाहीये.

त्यानंतर तो बिथरलाच. रोज ध्यानाला डोळे मिटून बसायचा, ते बंद केलं. मग पुन्हा सुरू केलं. विहारातल्या रविवारच्या वंदनेला जायला लागला, तिथे प्रश्न विचारून सगळ्यांना हैराण करून आला. एका सकाळी गॅलरीत त्याने काकांनाच गाठलं. मी शेजारी दाढी करत होतो, त्यामुळे ऐकणं भाग होतं.

"पप्पा, आपण बौद्ध म्हणजे नक्की काय?"

"तुला कॉलेजात शिकवत नाहीत का हे?"

"शिकवतात. त्यात आपण नसतो."

काकांनी पेपर खाली केला. मग म्हणाले, "गावाला आमच्या घरात भिंतीत कोनाडा होता. दीक्षा घेतली तेव्हा आईने त्यातले देव काढले. पण कोनाडा रोज पुसायची. मी विचारलं, आता कशाला पुसतेस? तर म्हणाली, कोनाडा आपलाच आहे की. मग तिने त्यात माझी पाटी-पुस्तकं ठेवली. तिला अक्षर येत नव्हतं. पण पुस्तकांना हात लावायच्या आधी हात धुवायची." त्यांनी पेपर परत वर केला. "आपण बौद्ध म्हणजे हे."

सुगत कठड्याला टेकला. "म्हणजे पाटी का, पप्पा? की हात धुणं?"

"आता डोकं खाऊ नकोस," पेपरामागून आवाज आला.

मग त्याच्या आईला जाऊन वर्ष झालं आणि पुण्यानुमोदनाचा दिवस आला. दुपारी घर माणसांनी भरलं. भंतेजींनी वंदना घेतली, दोन शब्द बोलले, आणि काकींच्या फोटोसमोर एकेक जण फूल ठेवू लागला. सुगतने बोलावं असं सगळ्यांच्या मनात होतं, एवढा शिकलेला मुलगा. पण तो बाहेर नव्हताच. जेवण बाहेरून आलं होतं, फक्त खीर आपण करणार असा हट्ट धरून तो स्वयंपाकघरात उभा होता.

बाहेर सगळे शांत बसले होते. तेवढ्यात आतून मोठ्याने हाक आली.

"आई, गॅस बंद करू का गं?"

माझ्या आईने पदर तोंडाला लावला. कांबळेकाका उठले, गुडघ्यावर हात देत आत गेले. मीही मागून गेलो.

सुगत हातात डाव घेऊन तसाच उभा होता. दूध खाली लागल्याचा वास सुटला होता. काकांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

"सवयीने गेली हाक," सुगत म्हणाला. मग भिंतीकडे बघत म्हणाला, "सगळं अनित्य आहे, माहितीये. पेपरात लिहिलंय. मार्क पण चांगले पडले." त्याने डाव ओट्यावर ठेवला. "पण पप्पा, मला ती पाहिजे."

"मला पण," काका म्हणाले.

मग काकांनी डावाने खीर ढवळून पाहिली, वास घेतला. "तिचीही लागायची," ते म्हणाले. "दर वेळी. आणि खालचं सगळं मलाच खायला लावायची."

लागलेलीच खीर वाढली. सगळ्यांनी खाल्ली, कोणी काही बोललं नाही. माझ्या आईने तर दुसऱ्यांदा मागून घेतली.

पाहुणे पांगले तेव्हा मी भांडी द्यायला आत गेलो. बापलेक जमिनीवर बसले होते, मधे रिकामा टोप, दोघांच्या हातात चमचे. टोपाच्या बुडाशी तांबूस खरवड उरली होती, आणि तिचा मोठा तुकडा कोणी घ्यायचा यावरून दोघांचं चांगलंच जुंपलं होतं.