तुळशीरामची तीन बोटं

मेडशीच्या एसटी स्टँडसमोर तुळशीरामचं सलून आहे. तिथं डाव्या गालाची दाढी सुखासुखी होते. उजव्या गालासाठी मात्र परीक्षा द्यावी लागते. डावा गाल आटोपला की तुळशीराम वस्तरा मिटून ठेवतो, खुर्चीसमोर येऊन उभा राहतो आणि म्हणतो, "आ करा."

मग गिऱ्हाइकानं आपल्याच हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालायची. तीन गेली तर पास. त्यानंतर मोबाइलचा टॉर्च लावून तुळशीराम गाल आतून बघतो, जीभ उचलायला लावतो, हिरड्या बघतो. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम यांतलं काही दिसलं नाही तर "जमलं" म्हणून उजव्या गालाला साबण लावतो. दोनच बोटं गेली तर खर्रा किती वर्षांपासून, दिवसाला किती पुड्या, कोणाच्या टपरीवरचा, अशी रीतसर चौकशी होते. जो तोंडच उघडत नाही, तो अर्ध्या दाढीनं घरी जातो. त्याच्याकडून तुळशीराम पैसे घेत नाही, कारण काम अपूर्ण आहे.

आमचे एक ग्रामपंचायत सदस्य असेच अर्ध्या दाढीनं ग्रामसभेला आले होते. तो कशाचा तरी निषेध असावा असं समजून ग्रामसेवकांनी त्याची इतिवृत्तात नोंद घेतली.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला पदार्थ. आमच्याकडे तो चहाच्या आधी विचारला जातो. वर्षानुवर्षं खाल्ला की गाल आतून आवळत जातात, तोंड उघडेनासं होतं, आणि पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. त्या आजाराचं नाव गावात कोणी घेत नाही, 'मोठा आजार' म्हणतात. तुळशीराम 'कॅन्सर' म्हणतो, आणि तेही स्टँडवर ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

परिणाम असा झाला की गावातल्या बऱ्याच पुरुषांनी दाढ्या वाढवल्या. काही जण दाढीसाठी तालुक्याच्या मालेगावला जाऊ लागले. बँकेचे नवे साहेब रुजू झाले तेव्हा त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं की गावात कसला नवस आहे का. मी हो म्हणालो. ते आमच्या गावाच्या श्रद्धेनं भारावून गेले.

लग्नाच्या बाजारात तर तुळशीरामनं उच्छाद मांडला. रिठदची मंडळी इथल्या एका मुलाला बघायला आली होती. शेती ओलिताची, घर स्लॅबचं, मुलगा बीए. मुलीचे वडील दाढीच्या निमित्तानं सलूनमध्ये बसले आणि सहज म्हणून मुलाबद्दल विचारलं. तुळशीराम म्हणाला, "घर चांगलं हाय. मानसं चांगले हायत. पोरगा दोन बोटं हाय." मंडळी पोहे न खाता परत गेली. मुलाच्या बापानं मोठा तमाशा केला, पण पुढच्या वर्षभरात मुलीकडचे लोक आधी सलूनमध्ये आणि मग घरी जाऊ लागले. बायोडाटात शिक्षण, उंची आणि बोटं असा क्रम पडला.

सरकारचं आरोग्यधोरण तुळशीराम एका वाक्यात सांगतो. "खर्रा दहा पावलांवर भेटते, मशीन दोन गाड्या बदलून भेटते." मशीन म्हणजे शेक, म्हणजे रेडिएशन, देण्याची. हे वाक्य झालं की त्याचं स्पष्टीकरण सुरू होतं. "ऑपरेशन योजनेत बसते. शेक योजनेत बसते. पेशंट दीड महिना नागपुरात झोपन कुठं, थ्ये कोन्या योजनेत बसते? सोयाबीन काढाले आलं का मानूस अर्धा शेक सोडून वापस येते. अन् बायप्सी हातात असल्याबिगर कांपुटर आजार मानत नाई, आजार मानल्याबिगर बायप्सी फुकट होत नाई. आता सांगा, सुरू कुठून कराचं?"

एकदा हे सगळं त्यानं दौऱ्यावर आलेल्या एका अधिकाऱ्यांना ऐकवलं. त्यांचा डावा गाल झालेला होता, त्यामुळे त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. आरोग्याच्या प्रश्नावर इतका वेळ शांत बसलेला अधिकारी मी दुसरा पाहिलेला नाही.

मग गावात तपासणी शिबिर झालं. मंडप पडला, बॅनर लागलं, तुळशीरामचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठरला. प्रमुख पाहुण्यांनी त्याला शाल पांघरवली, नारळ दिला. तुळशीरामनं नारळ काखेत धरला आणि माइकसमोरच म्हणाला, "साहेब, आ करा." पाहुण्यांची दीड बोटं भरली. त्यानंतर ते पाऊण तास व्यसनमुक्तीवर बोलले.

आता माझ्याविषयी. मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. शाळेच्या फाटकावर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी आहे. ती मीच रंगवून घेतली, आणि पेंटर ती रंगवत असताना मी शाळेमागं उभं राहून खर्रा खात होतो. मला याची तेव्हा लाज वाटली नाही, आता वाटते. पंधरा वर्षं हे गुपित मी राखलं होतं. तुळशीरामचं खूळ सुरू झालं तेव्हा दाढी वाढवणाऱ्यांत मी पहिला होतो. दाढीमुळे मास्तर विचारवंत दिसतात असं केंद्रप्रमुख म्हणाले.

पण ठेचा तोंडाला सोसेनासा झाला होता. वऱ्हाडातल्या माणसानं दही-भात मागायला सुरुवात केली की घरच्यांनी समजून घ्यायला हवं. डाव्या गालात आतून एक पांढरा चट्टा होता. न्हाणीघराचं दार लावून मी तो आरशात पाहत असे, आणि दर वेळी तो कालच्यापेक्षा लहान झाला आहे असं ठरवून बाहेर येत असे.

माझा घात केला चौथीच्या वर्गानं. तुळशीरामनं बाजारात, पारावर, जिथं मुलं भेटतील तिथं त्यांना ही परीक्षा शिकवून ठेवली होती. एके दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला अख्खा वर्ग तोंडात तीन तीन बोटं घालून बसला. मी कौतुक केलं. तेवढ्यात एक मुलगी म्हणाली, "गुर्जी, आता तुमी." मी उद्या करू म्हणालो. वर्ग ऐकेना. शेवटी मी वर्गासमोरच बोटं घातली. चौथीच्या मुलांना दोनपर्यंत मोजता येतं. त्यांनी मोठ्यानं मोजलं आणि तीनच्या जागी सगळा वर्ग गप्प झाला.

मुलांनी बातमी स्टँडवर पोचवली आणि संध्याकाळी तुळशीराम घरी आला. हातात पिशवी होती.

"चला गुर्जी, सकाळी नागपूरले निंगाचं हाय."

मी परीक्षा सांगितल्या, मतदार याद्या सांगितल्या, मुलीची बारावी सांगितली. शेवटी भडकलो. "तू काय डॉक्टर आहेस का?"

"नाई," तो शांतपणे म्हणाला. "डाक्टर असतो त तुमी माह्याकडं कायले आले असते? न्हावी हाय म्हनून दाढीले त येत होते. थेबी तुमी सोडलं. मंग मीच आलो." आणि आत वळून म्हणाला, "वहिनी, दोघांचा डबा बांधा."

सुनंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, खर्र्याचं काही ठाऊक नाही असा माझा पंधरा वर्षांचा समज होता. ती कणीक मळता मळता म्हणाली, "दोघांचा कायले? मीबी येतो. पंधरा वर्सं धुन्यातल्या खिशातून पन्न्या मीच काढून राह्यली." एवढं बोलून ती रडली. मला कुठं तोंड लपवावं कळेना.

ऐन लग्नसराईत सलूनला कुलूप लावून तुळशीराम आमच्याबरोबर नागपूरला आला. वाटेत त्यानं कंडक्टरला आ करायला लावलं. कंडक्टर तीन बोटं होता, म्हणून गाडी वेळेवर पोचली. हॉस्पिटलात कोणत्या खिडकीवर आधी जायचं, कोणत्या कागदाच्या किती झेरॉक्स लागतात, कोणती सिस्टर समजावून सांगते, धर्मशाळेत नंबर कसा लावायचा, हे त्याला आमच्या शाळेच्या वेळापत्रकासारखं पाठ होतं. माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी उमगलं नाही. एकटा असतो तर दुपारची गाडी धरून मी परत आलो असतो, हे मी प्रामाणिकपणे सांगतो.

गालाचा तुकडा तपासायला गेला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला. कॅन्सर होता. डॉक्टर म्हणाले, लहान आहे, लवकर आलात, कापून काढला की बहुतेक शेकसुद्धा लागणार नाही. मला त्यातलं 'बहुतेक' एवढंच ऐकू आलं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातला माणूस माझी दाढी काढायला मशीन घेऊन आला. तुळशीरामनं त्याला हातानंच थांबवलं आणि पिशवीतून आपली पेटी काढली. सुनंदा कागदांवर सह्या करायला खाली गेली होती. त्यानं माझ्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, कात्रीनं दाढी उतरवली, साबणाचा फेस केला. डाव्या गालाशी त्याचा हात थांबला. अंगठा आणि दोन बोटं लावून तो गाल दाबून बघत राहिला.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काई नाई." मग म्हणाला, "माहा लहाना भाऊ होता, गुर्जी. बाजूच्या खेड्यात राहे."

मी मेडशीत बारा वर्षं आहे. त्याला भाऊ होता हे मी पहिल्यांदा ऐकत होतो.

"दर बजाराले माह्याकडं दाढीले ये. सतरा वर्सं त्याची दाढी मी केली. दुसऱ्याचा हात त्यानं तोंडाले लावू देल्ला नाई. एक डाव काय झालं, वस्तरा अडखळला. गाल कडक लागला हाताले. मले वाटलं, ब्लेड बोथट झालं." तो वस्तऱ्याकडे बघत होता. "मी ब्लेड बदललं."

त्यानं एका हातानं वस्तरा मिटला.

"पुढच्या बजाराले पुन्हा अडखळला. पुन्हा बदललं. मंग वाशीमहून भारीतलं आनलं. सहा महिने मी ब्लेडच बदलत राह्यलो, गुर्जी. गाल माह्या हातात होता. आत पाह्यलं नाई."

"तो कधी काही म्हणाला नाही?"

"म्हने ना. परतेक डाव म्हने, दादा, आता लय बरं लागते."

मी त्याचं मनगट धरलं. त्यानं ते धरू दिलं. दुसऱ्या हाताची बोटं अजून माझ्या गालावरच होती.

"नरम हाय," तो म्हणाला. "तुमचा अजून नरम हाय." आणि साठी उलटलेला तो माणूस सगळ्या वॉर्डासमोर हुंदके देऊन रडायला लागला. शेजारच्या खाटेवरच्या, तोंडाला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यानं उठून त्याला पाण्याचा ग्लास दिला.

पाणी पिऊन त्यानं पुन्हा वस्तरा उघडला. स्ट्रेचर दाराशी येऊन थांबलं होतं, म्हणून रडत रडतच त्यानं उरलेली दाढी केली. मला कुठंही लागलं नाही.