नीळकंठ सरांनी मागितलेली कुदळ

वरवट बकालजवळच्या एका गावातल्या शाळेत नीळकंठ सर इंग्रजी शिकवत आणि प्रत्येक शब्दाची कुळकथा सांगितल्याशिवाय पुढे सरकत नसत. मागच्या तपासणीत केंद्रप्रमुख वामनराव म्हणून गेले होते, "पोरांचं पाठ आहे, पण समजलेलं काही नाही." ते वाक्य सरांना फार झोंबलं होतं. आज साहेब पुन्हा यायचे होते आणि सरांना काहीही करून तो डाग पुसायचा होता.

"डेल्व्ह म्हणजे खणणे," सरांनी सकाळीच सांगितलं. "हजार वर्षांहून जुना शब्द. तेव्हा लोक खरोखर जमीन खणत. आता विद्वान लोक हात न मळवता एखाद्या विषयात खोल शिरतात, त्यालाही हेच क्रियापद वापरतात."

"मंग डिग म्हंजे काय सर?" प्रतीक्षानं विचारलं.

"तेही खणणेच."

"एका खड्ड्याले दोन शब्द काऊन लागतात?"

वर्ग हसला. आता साहेबांसमोर मुलांकडून प्रत्यक्ष खणूनच घ्यायचं, असं सरांनी ठरवलं. शाळेला लागून कडूबा नावाच्या शेतकऱ्याचं वावर होतं. सरांनी त्याच्याकडे कुदळ मागितली.

"कायले पाह्यजे जी?"

"शाळेचं काम आहे. आज साहेब येणार आहेत."

खरं कारण सांगायला काही हरकत नव्हती. पण इंग्रजी क्रियापदासाठी कुदळ मागायची सरांना लाज वाटली आणि तिथेच घोळ झाला. शाळा, साहेब आणि कुदळ एकत्र आल्यावर गावात एकच अर्थ निघत होता, तो म्हणजे कित्येक वर्षं रखडलेल्या शाळेच्या संरक्षक भिंतीचा पाया. भिंत नसल्यानं बकऱ्या थेट वर्गात येत. कडूबा कुदळ सरांच्या हातात देऊन तडक सरपंच सत्यभामाबाईंकडे पळाला.

सर मुलांना घेऊन मैदानात उभे राहिले, तोच बाई नारळ, हार आणि फोटोवाला घेऊन हजर झाल्या.

"सर, आमाले न सांगता कुदय मारून राह्यले का?"

"बाई, हे नुसतं क्रियापद आहे."

"काईबी असो. नारय फोडल्याबिगर मी जमिनीले हात लावू देनार नाई."

मागोमाग माजी सरपंच भगवानराव धापा टाकत आले. भिंत त्यांच्या काळात मंजूर झाली होती, म्हणून कुदळीवर त्यांचाही हात हवा होता.

"हाव, धरा. पन खालून धरा," बाई म्हणाल्या.

वर कोण आणि खाली कोण हे ठरत असतानाच वामनराव मोटरसायकलवरून उतरले. कसला कार्यक्रम आहे हे विचारायला त्यांनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात गळ्यात हार पडला आणि विचारायचं राहून गेलं. नारळ फुटला. साहेबांसह तिघांनी मिळून एक कुदळ धरली, जमिनीला अलगद टेकवली आणि फोटोवाल्याकडे बघितलं. टाळ्या झाल्या, पेढे वाटले गेले. मुलांच्या हाती कुदळ काही आली नाही. कडूबा ती पुसून घरी घेऊन गेला.

हार घालूनच साहेब वर्गात आले. फळ्यावरचा शब्द वाचून म्हणाले, "हं, डेल्व्ह करून दाखवा."

प्रतीक्षा पुढे झाली. तिनं हवेतली कुदळ धरली. दोघांनी धावत येऊन त्यावर हात ठेवले. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढकललं. कुदळ जमिनीला टेकली, तिघांनी माना वर करून गोड हसू आणलं आणि उरलेल्या वर्गानं टाळ्या वाजवल्या.

हे खणणं नव्हे, असं सांगायला सर पुढे सरसावले. पण चूक दाखवायची तर साहेबांना आपलाच फोटो चुकीचा ठरवावा लागला असता.

"बरोबर!" साहेब हार सावरत म्हणाले. "यंदा पोरांना नीट समजलं आहे."

सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. इथे थांबले असते तर बरं झालं असतं.

"साहेब, अजून एक विचारा ना!"

"बिल्ड," साहेबांनी विचारलं. "म्हणजे बांधणे. करून दाखवा."

मुलं एकमेकांकडे बघत राहिली. कुणीही जागचं हललं नाही.

"काऊन, अर्थ येत नाई का?" सरांनी घाबरून मुलांच्याच बोलीत विचारलं.

"अर्थ येते सर," प्रतीक्षा म्हणाली, "पन ते करतानी आमी कोनाले पाह्यलंच नाई."

वामनरावांनी घाईघाईनं "उत्तम" असा शेरा दिला आणि चहा न घेताच मोटरसायकल काढली.