बादलीला एसी

"ही बादली माझ्या पलंगाशेजारून हलणार आहे की नाही?" बायकोने विचारलं.

"उद्या सकाळी. आत्ता हलवली तर सगळं मुसळ केरात," घड्याळजी म्हणाले.

घड्याळं दुरुस्त करण्यात हयात गेल्यामुळे सगळी गल्ली त्यांना घड्याळजीच म्हणे. गच्चीवरच्या त्यांच्या टोमॅटोंनी उन्हात माना टाकल्या, तेव्हा कुणीतरी सुचवलं, रोपांना खताचा चहा पाजा. मुरलेलं कंपोस्ट फडक्यात बांधून बादलीभर पाण्यात सोडायचं, थोडा गूळ टाकायचा आणि फिशटँकच्या पंपाने हवा सोडत राहायची, म्हणजे त्यातले उपयोगी जीव वाढतात. फडक्यासाठी बायकोच्या उशीचा कोरा अभ्रा कामी आला. पण पाणी तापलं की त्यातली हवा कमी होते आणि जीव गुदमरतात. म्हणून आधी फ्रिजमधला सगळा बर्फ बादलीत गेला, मग बादलीच घरातल्या एकुलत्या एका एसीच्या खोलीत आली. पंपाच्या बुडबुड आवाजाने झोप येईना, तशी नवराबायकोची गादी हॉलमध्ये गेली.

अशात दुपारी उन्हातून तापून घड्याळजींची थोरली बहीण येऊन थडकली.

"वन्सं, तुम्ही हॉलमध्येच टेका जरा," बायको ओशाळून म्हणाली. "आत बादली आहे."

"आत कोण आहे?"

सगळी हकिगत ऐकून ताईंचा पारा बाहेरच्या उन्हाच्याही वर गेला. "सख्खी बहीण घामाने निथळतेय आणि चिखलाला एसी? लाज कशी वाटत नाही रे तुला?"

"ताई, चिखल नाही तो. त्यात कोट्यवधी जीव आहेत."

"मग मीही एक जीवच आहे!" असं म्हणून ताई तडक आत गेल्या आणि दार धाडकन लावून पलंगावर आडव्या झाल्या. बुडबुड सुरूच होती. त्यांनी पंपाची पिन उपटली. एसीचा गारठा बाधेल म्हणून तोही बंद केला आणि डोक्यावर पदर घेऊन घोरायला लागल्या.

संध्याकाळी जिन्यावरून दाणदाण पावलं वाजली. खालच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर मास्क लावून दारात उभे होते.

"तुमचं ड्रेनेज फुटलंय का हो? अख्खा जिना घाण मारतोय! माझे पेशंट आ करायला तयार नाहीत!"

"माझ्याच घरात मला झोपायला जागा नाही आणि तुम्ही माझ्यावरच ओरडताय?" बायको उसळली.

घड्याळजींनी धावत जाऊन आतलं दार उघडलं. भपका असा आला की डॉक्टर मास्कसकट दोन पायऱ्या मागे सरकले. बादलीवर करडा फेस धरला होता. ताई पदराआड गाढ झोपलेल्या.

"ताई! पिन कुणी काढली?"

"मी काढली! काय म्हणणं आहे?" ताई ताडकन उठून बसल्या.

घड्याळजींनी बादलीत वाकून पाहिलं. "गुदमरून गेले गं सगळे."

"कोण गेले?" ताईंचा चेहरा उतरला. जन्मात त्यांनी मुंगीवरही पाय दिला नव्हता. "खरंच जिवंत होते? मेल्या, मग नीट सांगायचं नाहीस का मला?"

डॉक्टरांनी नाक दाबून बादली खाली न्यायला हात दिला. कुंपणापलीकडच्या उजाड कोपऱ्यात खड्डा खणून ते पाणी पुरलं. ताई खड्ड्याकाठी हात जोडून उभ्या होत्या. त्या रात्री जेवल्याही नाहीत.

दुसऱ्या दिवशी ताईंनी स्वतः उभं राहून भावाला नवी बादली भरायला लावली. बायको सुटकेचा नि:श्वास टाकत म्हणाली, "वन्सं, आता ही तुमच्या खोलीत नको. हॉलमध्ये ठेवू आणि आपण दोघी आत झोपू."

"वेडी की काय तू? हॉलमध्ये उकडून मरतील ते!"

बायको कपाटातून धुतलेली साडी घ्यायला आत गेली, तर ताई पलंगावर मांडी घालून बादलीकडे टक लावून बसल्या होत्या.

"काय हवंय ते घे आणि लवकर बाहेर हो," त्या करवादल्या. "आणि दार ओढून घे गं, गारवा जातोय!"