युक्झोरियस स्थळ

गोपिकेचं ठरत आलेलं लग्न एका विलायती शब्दावर अडलं. तिचे वडील, पारशिवनीचे महादेवराव, ते जमवायला बायको-मुलीसह शहरात, धरमपेठेत मेहुण्याकडे मुक्काम ठोकून होते. स्थळ चांगलं होतं. गिरिधर सरकारी कचेरीत कारकून; बिजवर खरा, पण तरणा. गोपिकेला तो आवडला होता, हे तिच्या आईला, प्रयागबाईंना, न सांगता कळलं होतं. पण महादेवरावांचा शेजाऱ्यापाजाऱ्यांवर भरवसा नव्हता. "लोकं खोटं बोलतीन, साहेब काहून बोलन?" असं म्हणून त्यांनी मेहुण्याला, वामनराव वकिलांना, गिरिधरच्या गोऱ्या साहेबाकडे चौकशीला धाडलं.

साहेब म्हणाला, "माणूस प्रामाणिक आहे. फक्त जरा युक्झोरियस आहे." वामनरावांनी हा शब्द जन्मात ऐकला नव्हता. पण वकिलानं साहेबाला अर्थ विचारायचा, म्हणजे सनद खुंटीला टांगायची! त्यांनी जाणत्यासारखी मान डोलावली आणि ते घरी आले.

"पोरगा युक्झोरियस आहे म्हणते साहेब."

"म्हणजे काय गा, वामनराव?"

"म्हणजे... नाजूक गोष्ट आहे. बायामाणसांपुढं नको."

"आतलं दुखणं आहे काय?"

वामनराव गप्प राहिले आणि तेच नडलं. महादेवरावांना गिरिधरची पहिली बायको आठवली. "ते बिचारी ह्याच्यातच गेली असन!" खात्री करायला दोघं हेडमास्तर मधुकररावांकडे गेले. शब्द त्यांनाही ठाऊक नव्हता. पाठीमागच्या फळीवर डिक्शनरी होती, पण जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या माणसानं ती चारचौघांत कशी उघडावी? चष्मा पुसत ते गंभीरपणे म्हणाले, "पोरीच्या बापानं विचार करावा." झालं! संध्याकाळी नकाराचा निरोप गेला. गोपिका जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी गिरिधर स्वतःच दारात उभा राहिला. "माहं काय चुकलं, तेवढं सांगा."

महादेवरावांना खरोखरच वाईट वाटलं. "चूक नाही बापू. तुमचा साहेब म्हणते, तुम्ही युक्झोरियस आहा."

गिरिधरनं मान खाली घातली. "खरं आहे."

"बरं नाही होत काय?"

"नाही जी. साहेबानं लय समजावलं."

"औषधपाणी?"

"औषध कायचं? बायकोवर गरजेपेक्षा जास्त जीव लावणाऱ्याले तसं म्हणते. ती बिमार होती तर मी रजा काढून सैपाक करो. तिची वेणी घालून देवो. साहेब म्हणे, अशानं बढती नाही भेटत. नाही भेटली." वामनराव आढ्याकडे बघत बसले.

महादेवराव मात्र हादरले. "वेणी? बाप रे! हे तर बिमारीपेक्षा खराब! गावात तोंड कसं दाखवू?"

प्रयागबाई परक्या पुरुषासमोर कधी येत नसत. त्या दाराआडून सरळ बैठकीत आल्या.

"लगन पक्कं. जवाईबापू, एक सांगा. हे एकापासून दुसऱ्याले लागते काय?"

"काय जी?"

"लागत असन तर लगनानंतर महिनाभर पारशिवनीले राहा." त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अन् निजायले ह्यांच्याच खोलीत जा."